ट्रंपेट उणे १९६ ला गोठवून आणायचा का? की पैसे पाण्यात?

परदेशी_पिपाणी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

शाळेत नाशिकला बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी वगैरे. मग बारावी आली, इंजिनिअरिंग आलं आणि ट्रंपेट सुटला तो सुटलाच. आता वय ४७, मुक्काम कोलंबस, ओहायो. गेल्या वर्षीपासून इथल्या कम्युनिटी बँडमध्ये जायला लागलोय (बायको म्हणते मिडलाइफ क्रायसिसला लोक गाडी घेतात, ती निदान गॅरेजमध्ये गप्प उभी राहते). सेकंडहँड बाख स्ट्रॅड ३७ घेतलाय. वाद्य छान आहे पण वरच्या पट्टीत आवाज कोंडल्यासारखा वाटतो, फुंकर कुठेतरी अडतेय असं.

तर आमच्या बँडमधले पहिले ट्रंपेटवाले म्हणाले क्रायो करून आण. म्हणजे वाद्य एका चेंबरमध्ये ठेवतात, लिक्विड नायट्रोजनने हळूहळू उणे १९६ पर्यंत नेतात, रात्रभर तिथेच ठेवतात आणि मग तितक्याच सावकाश परत खोलीच्या तापमानाला आणतात. वाद्य घडवताना पितळात जे ताण बसलेले असतात ते म्हणे याने निघतात आणि आवाज मोकळा होतो. दुकानवाला दीडेकशे डॉलर मागतोय. यांनी स्वतः केलंय आणि शपथेवर सांगतात फरक पडला.

यात काही तथ्य आहे का? कोणी केलंय का?

उगाच_कोणीतरी
ओहायोत राहता ना, जानेवारीत बाल्कनीत ठेवा की रात्रभर. दीडशे डॉलर वाचले, त्यातले पन्नास मला पाठवा. (दिवे घ्या)

कात्रजचा_घाट
ऑडिओवाल्यांत हे प्रकरण जुनं आहे. क्रायो केलेल्या केबल मिळतात, क्रायो केलेले व्हॅक्यूम ट्यूब मिळतात, इतकंच काय भिंतीतला प्लग पॉइंटसुद्धा क्रायो केलेला मिळतो. मी केबल घेतली होती. किती फरक पडला ते विचारू नका, आणि किती पैसे गेले ते तर अजिबात विचारू नका, घरचे पण हा धागा वाचतात.

भट्टीवाला_भोसरी
आमच्या धंद्यातला विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो.

माझं हीट ट्रीटमेंटचं काम आहे, आमच्याकडे उणे १९६ चा चेंबर आहे आणि तो रोज चालतो. पण आम्ही त्यात काय टाकतो ते बघा. डी-२ या टूल स्टीलचे पंच आणि डाय, हायस्पीड स्टीलची टूल्स, माप तपासायची गेज. सगळं पोलाद. पोलादात याला पक्कं कारण आहे. लोहार विळ्याला पाणी पाजतो तेव्हा लाल पोलादातली ऑस्टेनाइट नावाची मऊ रचना झटकन मार्टेन्साइट नावाच्या कडक रचनेत बदलते. पण कार्बन जास्त असेल तर हा बदल खोलीच्या तापमानाला पुरा होत नाही, थोडं ऑस्टेनाइट तसंच मऊ राहून जातं. ते पुढे कधीतरी बदलतं आणि गेजचं माप हलतं. म्हणून अजून खाली थंड करायचं, राहिलेलं काम तिथे पुरं होतं. यासाठी उणे ८० पण बऱ्याचदा पुरतं. त्याखाली गेल्यावर बारीक कार्बाइड (कार्बन आणि धातूचे कडक कण) जास्त पडतात, टूल जास्त टिकतं असं म्हणतात.

आता पितळ. ट्रंपेटच्या भोंग्याचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त. त्यात ना कार्बन ना ऑस्टेनाइट. खाली कितीही न्या, रचना तीच राहते, बदलायला काही शिल्लकच नाही. आणि ताण काढायचा म्हणजे अणूंनी थोडं इकडे तिकडे सरकायला पाहिजे, ते सरकतात उष्णतेने. पितळाचे ताण काढायला आम्ही २५०-३०० अंशाला तासभर ठेवतो. उणे १९६ ला अणू काय सरकणार, तिथे सगळे गोधडी घेऊन झोपलेले असतात.

मग गरम का नाही करत? कारण वाद्याचे जोड कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असतात आणि तो डाख १८३ अंशाला वितळायला लागतो. २५० ला ठेवलंत तर ट्रंपेट नाही, नळ्यांची जुडी परत मिळेल. वरचं लॅकरही जळेल. थंड केल्याने निदान काही मोडत नाही. माझ्या मते धंदा म्हणून ते एवढ्याचसाठी चालतं, गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही आणि बिल फाडता येतं.

घासूनपुसून
दुरुस्ती: तांबं-जस्तातही मार्टेन्साइट होतं, जस्त ३८-४० टक्के असेल तर, बीटा ब्रासमध्ये (जास्त जस्तामुळे बनणारी पितळाची वेगळी रचना), खूप खाली गेल्यावर. "पितळात काही होत नाही" हे विधान सरसकट बरोबर नाही.

भट्टीवाला_भोसरी
बरोबर आहे घासूनपुसून. पण ७०-३० हे अल्फा ब्रास आहे, म्हणजे कमी जस्ताचं, बीटा नाही. धागा ट्रंपेटचा आहे म्हणून तेवढंच लिहिलं.

घासूनपुसून
मान्य. फक्त नोंद व्हावी.

उगाच_कोणीतरी
नोंद झाली. शिक्का मारून आवक-जावक मध्ये टाकली आहे.

जुनं_ते_सोनं
पितळातले ताण हा विषय निघालाच आहे तर एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. हे ताण म्हणजे नुसती थिअरी नाही, त्यांनी ब्रिटिश फौजेला आपल्याच देशात रडवलं होतं. पावसाळ्यात बंदुकीची काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवायचे आणि पावसाळा संपला की बघतात तर पितळी काडतुसांना भेगा! कोणी वार केला नाही, काही नाही, आपोआप तडकलेली. सीझन क्रॅकिंग असं नावच पडलं त्याला. उलगडा १९२१ मध्ये झाला. काडतूस ओढून घडवताना पितळात ताण राहिलेले, आणि तबेल्यात घोड्यांच्या मुताचा अमोनिया. ताण आणि अमोनिया दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. उपाय काय निघाला, तर काडतुसं हलकी तापवून घ्यायची. तापवून, भट्टीवाले म्हणतात तसं.

म्हणजे ताण खरे. प्रश्न फक्त ते थंडीने जातात का हा आहे.

बार्शीलाइट
बापरे, तबेला म्हणजे आमच्या बँडची जुनी खोली. आजोबांचा लग्नाचा बँड होता, आता चुलते बघतात. खोलीच्या एका बाजूला वाद्यं, दुसऱ्या बाजूला नवरदेवाची घोडी, मधे गोणपाटाचा पडदा. आमच्या एका युफोनियमला (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) जोडाजवळ अशीच उभी चीर गेली होती, कोणी आपटल्याचं कबूल करेना, आजोबांनी सगळ्यांचे पगार कापले. आज कळलं घोडीचे कापायला पाहिजे होते.

वाद्यं सगळी मेरठची, जली कोठीची. अख्ख्या देशातले बँडवाले तिथूनच आणतात. क्रायो-बियो कोणी ऐकलेलं नाही. पोचे काढणारा कारागीर वर्षातून एकदा तुळशीच्या लग्नाआधी यायचा, सळई घालून आतून पोचे काढायचा, डाख द्यायचा, आणि आम्ही पोरं चिंच आणि राख घेऊन घासायला. नंतर पितांबरी आली. सीझनचं पहिलं लग्न सगळ्यात झकास वाजायचं, चुलते म्हणायचे घासल्याने आवाज उजळतो.

डेसिबल
बार्शीलाइट, तुमचे चुलते चुकून अगदी मुद्द्यावर बोट ठेवून गेलेत, त्याकडे येते.

परदेशी_पिपाणी, तुमच्या प्रश्नावर थेट प्रयोग झालेला आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या लोकांनी दहा ट्रंपेट घेतले, गंमत म्हणजे तुमच्याकडे आहे तेच, बाख स्ट्रॅडिव्हेरियस. त्यातले निम्मे क्रायो केलेले, निम्मे न केलेले. सहा जणांनी वाजवले, काही कसलेले काही कमी कसलेले, कुठला कुठला ते न सांगता. रेकॉर्डिंग केलं, स्थिर सूर तपासला, सूर सुरू होतानाचा पहिला क्षणही तपासला. क्रायो आणि बिनक्रायो यांत पुन्हा पुन्हा दिसेल असा फरक सापडला नाही. फरक होते, पण ते वाजवणाऱ्या-वाजवणाऱ्यांत आणि एकाच मॉडेलच्या दोन ट्रंपेटमध्ये. म्हणजे तुमच्या बँडमधल्या गृहस्थांचा आणि तुमचा ट्रंपेट यांतला फरक हा क्रायोच्या फरकापेक्षा मोठा.

आणि यात आश्चर्य नाही. ट्रंपेटमध्ये वाजते ती हवा. तुमचे ओठ झडप म्हणून काम करतात, आतला हवेचा स्तंभ थरथरतो, कुठला सूर सहज लागणार आणि कुठला अडणार हे नळीच्या आतल्या आकारावर ठरतं. धातू म्हणजे त्या हवेच्या भांड्याची भिंत. १९७१ मध्ये कोल्टमन नावाच्या संशोधकाने चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन बासऱ्या आतून सारख्या मापाच्या करून घेतल्या, पडद्याआडून ऐकणाऱ्यांना ओळखता आल्या नाहीत, वाजवणाऱ्यांनाही नाहीत. ट्रोम्बोनच्या भोंग्याची जाडी बदलून इंग्लंडात असाच प्रयोग झाला, चांगल्या चांगल्या वादकांना दिसत नसताना जाडी ओळखता आली नाही.

आता घासण्याबद्दल. क्रायोला देण्याआधी दुकानवाला काय करतो? वाद्य सगळं सुटं करतो. वॉल्व्ह काढतो, बूच-फेल्ट काढतो, आतून धुतो. परत जोडताना नवे फेल्ट घालतो, म्हणजे पिस्टनची भोकं नळीच्या भोकांसमोर नीट येतात. माउथपीसला लागून जी नळी असते, लीडपाइप, तिच्यात वर्षानुवर्षांची थुंकी आणि चहाबिस्किटं साठलेली असतात, ती जातात. यातल्या प्रत्येक गोष्टीने आवाज खरोखर बदलतो. बिलावर मात्र नाव नायट्रोजनचं.

उगाच_कोणीतरी
चहाबिस्किटं वाचून माझा चहा गेला.

सुशेगाद_काका
डेसिबल बाय, सगळं पटलं पण थोडं थांब. मी मडगावचा, वय ७१, पॅरिश स्कूलात पाद्रीच्या छडीखाली सोल्फेजो (सूर वाचून गायचा अभ्यास) शिकलो, आधी नोटेशन वाचायचं मग वाद्याला हात. नंतर मुंबईत हॉटेलात आणि रेकॉर्डिंगला वाजवलं. आमच्या आधीची पिढी म्हणजे चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये वाजवायचे, सी. रामचंद्रांकडे काम करायचे, लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्या पिढीला एक ट्रंपेट मिळाला की जन्मभर तोच, निवड नाही, क्रायो नाही, काही नाही. पोचे पडलेल्या वाद्यावर त्यांनी जे वाजवलं ते तुम्ही आजही ऐकता.

तरी सांगतो, धातू काहीच करत नाही हे माझ्या हाताला पटत नाही. वाद्य हातात थरथरतं. ते थरथरणं दातांतून हाडांतून कानात येतं, समोरच्याला नाही ऐकू येत पण मला येतं ना? आणि मला जसं ऐकू येतं तसा मी वाजवतो. एकदा दोन ट्रंपेट घेऊन बसलो होतो, दोन्ही एकाच मॉडेलचे, एक लॅकरवाला एक चांदीचा मुलामा दिलेला. रेकॉर्डिस्ट म्हणाला सेम आहे. मला सेम नव्हतं. आता तुमचा प्रयोग म्हणणार माझ्या डोक्यात होतं. असेल. पण ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या डोक्यातच वाजतो आधी.

डेसिबल
काका, तुम्हाला पूर्ण खोडून काढणार नाही, कारण तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. २००५ मध्ये एका अमेरिकन गटाने ट्रंपेटचा भोंगा वाळूच्या पिशव्यांनी दाबून त्याचं थरथरणं बंद केलं, आणि फुंकायला माणूस नाही तर कृत्रिम ओठ लावले. तेव्हा आवाजातल्या हार्मोनिक्सचं (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांचं) प्रमाण मोजता येईल इतकं बदललं. म्हणजे भिंत अगदीच मुकी नाही. पण तिथे भोंग्याला वाळूने करकचून दाबलंय. गोठवून परत आणलेला भोंगा वजनाने, जाडीने, आकाराने होता तसाच असतो, त्याच्या थरथरण्यात किती बदल होणार हा प्रश्न उरतोच.

हाडांतून ऐकू येण्याचं मात्र खरं आहे, ते मी आधी लिहायला हवं होतं.

सुशेगाद_काका
देव बरें करूं. एवढं मान्य केलंस तर मीही मान्य करतो की दीडशे डॉलर जास्त आहेत.

भट्टीवाला_भोसरी
काकांचं वाचून मी थोडा विचार केला. एक शक्यता सोडतो, सिद्ध करता येणार नाही. पितळ थंड होताना आखडतं. उणे १९६ पर्यंत खाली नेलं तर मीटरमागे साडेतीन-चार मिलिमीटर. ट्रंपेटची नळी उलगडली तर दीड मीटरच्या आसपास, म्हणजे तेवढा वेळ ट्रंपेट पाच-साडेपाच मिलिमीटरने आखूड होतो, मग परत येतो. पण त्यात सगळंच पितळ नसतं, पिस्टन मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) असतात, काही नळ्या निकेल सिल्व्हरच्या (तांबं-निकेल-जस्त), प्रत्येकाचं आखडणं वेगळं. जोडणाऱ्याने कुठे नळी जबरदस्तीने वाकवून डाख दिला असेल, तर या ओढाताणीत तो मऊ डाख थोडासा सरकून ढिला पडू शकतो. पितळाच्या आत काही होत नाही पण जोडात होऊ शकतं. मला हे एवढंच सुचतं.

यापेक्षा चांगला कारागीर डाख सोडवून, नळीला तिच्या जागी आपोआप बसू देऊन परत जोडतो. त्याला गॅसची बत्ती लागते, नायट्रोजन नाही.

कसब्यातला_कासार
अगदी. आमच्या शेजारी तांबट आळी, लहानपणापासून कानात मठारकामाचा ठोका. हंडा ठोकून ठोकून कडक झाला की पुढे ठोकला तर फाटणार, म्हणून मधे मधे लाल तापवून पाण्यात टाकतात, पोलाद असं केल्याने कडक होतं पण तांबं मऊ पडतं, मग परत ठोकायला सुरुवात. ट्रंपेटचा भोंगाही पत्र्याचा ठोकूनच करतात ना? बनवतानाच मऊ करून घेतलेला असणार. मग दुकानदार नंतर कुठले ताण काढतो?

डेसिबल
तापवतात, हो. पण शेवटच्या ओढाईनंतरचे, नळ्या वाकवतानाचे आणि जोडणीचे काही ताण राहतातच. ते राहिले म्हणून आवाज वाईट होतो असं मात्र कोणी दाखवलेलं मला माहीत नाही.

रच्याकने, परदेशी_पिपाणी, तुम्ही हिवाळ्यात थंड गाडीतून वाद्य काढून लगेच वाजवता का? आतली हवा एक अंशाने गार असेल तर सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली जातो. १० अंशाने गार वाद्य म्हणजे पाव सुराकडे वाटचाल. मग माणूस ओठांनी सूर वर ओढत बसतो आणि वरच्या पट्टीत दमतो. बऱ्याचदा "अडतंय" म्हणजे हेच असतं.

परदेशी_पिपाणी
अहो ताई, गाडीतच असतो ट्रंपेट. डिकीत. घरात सरावाला बंदी आहे.

उगाच_कोणीतरी
म्हणजे क्रायो ऑलरेडी चालूच आहे की!

बार्शीलाइट
मंडळी एक घोषणा. हा धागा मी चुलत्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले हे सगळे शिकलेले लोक बोलतच बसणार, आपण करून बघू. आमचा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे रेतनाच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर असतो. उणे १९६ च ना? ट्रंपेट त्या तोंडातून जात नाही, पण माउथपीस जातो.

भट्टीवाला_भोसरी
थांबा थांबा. माउथपीस पितळेचा आणि चांदीच्या मुलाम्याचा असेल तर त्याला काही होणार नाही, पण तुम्हाला होईल. सुती हातमोजे नकोत, ते भिजले की चिकटतात. बंद खोलीत नको, नायट्रोजन उडाला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि वासही येत नाही, माणूस कळायच्या आत आडवा. एकदम बुडवू नका, दोऱ्याने तोंडाशी वाफेत टांगा, अर्धा तास तसाच, मग हळूहळू खाली. काढल्यावर ओठाला लावू नका!! पाच-सहा तास राहू द्या. आणि भावाला विचारून करा, कांड्या खराब झाल्या तर अख्ख्या गावाच्या गाई वाट बघत बसतील.

घासूनपुसून
प्रयोग करायचाच तर दोन सारखे माउथपीस घ्या, एकच गोठवा, वाजवणाऱ्याला कुठला ते कळू देऊ नका, देणाऱ्यालाही कळू देऊ नका. प्रत्येकाने किमान दहा वेळा. नाहीतर काही अर्थ नाही.

कात्रजचा_घाट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

परदेशी_पिपाणी
अपडेट. सगळ्यांचे आभार. क्रायोला नाही म्हटलं. दुकानवाल्याकडून फक्त केमिकल क्लीनिंग आणि वॉल्व्ह अलाइनमेंट करून घेतली, खर्च निम्म्याहून कमी. लीडपाइपमधून जे निघालं ते त्याने मला एका डबीत घालून दाखवलं, वर्णन करत नाही, उगाच_कोणीतरी यांचा चहा परत जाईल. दुसऱ्या वॉल्व्हचा फेल्ट चेपून कागद झाला होता. ट्रंपेट आता घरात राहतो, बायकोशी तह झालाय, संध्याकाळी साडेसहा ते सात, म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावून.

वरचा जी हा सूर लागतोय. ए अजून नाही, पण तो माझाच दोष असावा. आमच्या पहिल्या ट्रंपेटवाल्यांना मी क्रायो केला असंच वाटतंय, ते सगळ्यांना सांगतायत बघा किती फरक पडला. मी काही बोललो नाही.

सुशेगाद_काका
बरें केलें. ए साठी रोज लांब सूर, हळू आवाजात, वीस मिनिटं. जोर नको.

बार्शीचं काय झालं?

बार्शीलाइट
सांगतो. दोन माउथपीस घेतले, एकाच कंपनीचे एकाच नंबरचे. एकावर मार्करने ठिपका दिला, तो रात्रभर कंटेनरमध्ये. भट्टीवाल्यांनी सांगितलं तसं सगळं केलं, भाऊ स्वतः उभा होता. दुसऱ्या दिवशी बँडचे चार ट्रंपेटवाले बोलावले, ठिपक्यावर चिकटपट्टी, दुसऱ्यावर पण चिकटपट्टी. दहा-दहा वेळा काही झालं नाही, संध्याकाळी वरात होती, तीन-तीन वेळा झालं. दोघं म्हणाले फरक नाही. एकाने तिन्ही वेळा वेगवेगळं सांगितलं. चुलते मात्र तिन्ही वेळा एकच उचलून म्हणाले हा, हा गोठवलेला, याचा आवाज पार वेशीपर्यंत जातोय.

घासूनपुसून
तीनपैकी तीन नशिबानेही येऊ शकतात, आठात एकदा. पण बरोबर होतं का ते तर सांगा!

बार्शीलाइट
तोच घोळ झालाय. वरातीला निघताना पोरांनी सवयीप्रमाणे सगळं सामान पितांबरीने घासून ठेवलं. चिकटपट्टी गेली आणि ठिपकाही गेला. आता कुठला कुठला कोणालाच माहीत नाही.

डेसिबल
अरे देवा. मग चुलत्यांनाच विचारा की, त्यांना ओळखता येतो ना.

बार्शीलाइट
विचारलं. म्हणाले परत वाजवून बघावं लागेल, आणि दोन्ही खिशात घालून गेले.